तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड

पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंडच्या पुढे जेऊर लागतं. 22 जानेवारी 1898 रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला खग्रास सूर्यग्रहण टिपायला तिथे गेले होते. चंद्रानं सूर्य पुरता झाकला, की भोवती मोतिया प्रभामंडळ उमटतं. तोच सूर्याचा कोरोना. त्याच्या वर्णपटातली, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातली, एक हिरवी रेषा 1869पासून शास्त्रज्ञांना छळत होती. ती कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचं नवं मूलद्रव्य कल्पून झालं होतं.

उकल व्हायला 1940चं दशक उजाडलं. स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी दाखवलं, की ती रेषा साध्या लोखंडाची आहे. फक्त त्या अणूचे 26पैकी 13 इलेक्ट्रॉन निघून गेलेत. अणू इतका सोलून निघायचा तर तापमान दहा-वीस लाख अंश हवं. आणि खाली सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंशांवर! उष्णता थंडाकडून गरमाकडे आपणहून जात नाही. म्हणजे ही ऊर्जा वर जाते ती दुसऱ्याच कुठल्या रूपात.

ते रूप चुंबकीय आहे. सूर्याचा पृष्ठभाग सतत खदखदतो, आणि चुंबकीय रेषांची मुळं त्याच खदखदीत रुतलेली असतात. मुळं हलली, की वरच्या रेषांची वेणी पडत जाते. पीळ फार झाला, की त्या तुटून नव्यानं जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. हीच सौरज्वाला.

पण मोठ्या ज्वाला अधूनमधूनच उठतात, कोरोना मात्र कायम तापलेला. 1988मध्ये युजीन पार्कर यांनी सुचवलं, की मोठ्या ज्वालेच्या अब्जांश ऊर्जेच्या ‘नॅनोज्वाला’ सर्वत्र, अखंड फुटत असाव्यात. चुंबकीय लाटाही ऊर्जा वर नेतात, हे खरं. तरी मला पार्करांची कल्पना अधिक पटते.

मात्र एवढीशी ज्वाला एकेकटी दिसणार कशी? पुण्याच्या गणेशखिंडीतल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रातल्या खगोलशास्त्रज्ञांनी रेडिओलहरींची वाट धरली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींमधून त्यांना शांत सूर्यावरही जागोजागी क्षणिक, क्षीण रेडिओ चमका सापडल्या. 2020मध्ये ते प्रसिद्ध झालं. शेजारच्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली ‘सूट’ दुर्बीण भारताच्या आदित्य-एल1 या सूर्य-अभ्यासाच्या यानावरून कोरोनाखालचे थर अतिनील प्रकाशात न्याहाळते आहे. ऊर्जा वर चढते ती याच थरांमधून.