खान्देशातले जुने वाडे लोकांच्या कामी कसे आले

खान्देशातल्या जुन्या वास्तू म्हटलं की थाळनेरच्या फारुकी कबरी नाहीतर पारोळ्याचा भुईकोट आठवतो. कायद्याचं लक्षही आधी अशाच ठिकाणांकडे गेलं. १९०४ चा इंग्रजी अमदानीतला कायदा, १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा, हे तिन्ही कायदे स्मारकं राखण्यासाठी झाले. गावातला वाडा, पडकी गढी, कापसातून सरकी काढणारा, आता बंद पडलेला जिन कारखाना यांना त्यात क्वचितच जागा मिळाली. ती वाचली ती कुणीतरी वापरत राहिलं म्हणून.

इथे लोककार्यासाठी वास्तू उभ्या करण्याची रीत जुनी आहे. १८६० नंतर रेल्वे आली, कापसाला भाव आला आणि त्या पैशातून गिरण्या निघाल्या. अमळनेरचे गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. एका तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था, ही गोष्ट मला आजही थक्क करते. धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ ला इतिहासाचार्य राजवाडे गेले आणि ९ जानेवारी १९२७ ला, म्हणजे अवघ्या नऊ दिवसांत, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. माणसामागे राहिलेली दप्तरं गावाने सांभाळायची असतात, हे धुळेकरांना कुणी शिकवावं लागलं नाही.

राहत्या घरांचा प्रवास यानंतरचा. चाळीसगावला स्टेशनजवळच्या दगडी बंगल्यात छायाचित्रकार केकी मूस यांनी आयुष्याची कित्येक दशकं जवळजवळ घराबाहेर न पडता काढली. १९८९ मध्ये ते गेले आणि त्यांचं घरच कलादालन झालं. त्यांची छायाचित्रं दुसऱ्या शहरात नेऊन टांगली असती तर हा माणूस अर्धाच कळला असता. जळगावच्या जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या घराचं स्मृतिस्थळ झालं. तिथे त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. संसार, शेत आणि जातं यांतून आलेली कविता त्या भिंतींमध्ये वाचायला मिळणं, याचं मोल मी फार मानतो.

पण अशी घरं टिकवायची तर ती बांधली कशी हे आधी समजून घ्यावं लागतं. खान्देशी घर धाब्याचं. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काठ्या आणि वर मातीचा जाड थर. दर उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आत, त्यावर खारी माती टाकायची. ती पाणी आत जाऊ देत नाही. एक-दोन पावसाळे हे काम चुकलं की पाणी मुरतं, कडी कुजते आणि मग माडी खाली येते. घर बंद करून मंडळी पुण्या-मुंबईला गेली की पडझड सुरू होते ती इथूनच.

दुरुस्तीतही मोठं नुकसान होतं ते सिमेंटने. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत ओल शिरते आणि वाळूनही जाते. वरून सिमेंटचा गिलावा चढला की ती आतच कोंडते आणि भिंत फुगून सुटते. म्हणून अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा, आणि तो कसा मळायचा हे जाणणारा गवंडीही हवा. गावातले असे जुने हात आहेत तोवर नव्या पोरांना त्यांच्यासोबत कामाला लावलं पाहिजे.

वापर बदलताना वजनाचाही हिशोब चुकता कामा नये. वाड्यात वाचनालय करायचं ठरलं की पुस्तकांची कपाटं माडीवर न्यायचा मोह होतो. त्या तुळया माणसं, बाजा आणि धान्याच्या थोड्या कणग्या पेलण्यासाठी घातलेल्या असतात. कपाटं तळमजल्यावर भिंतीलगत ठेवावीत, पण ओल लागू नये म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. माडी वाचायला बसणाऱ्यांसाठी ठेवावी, तीही एखाद्या जाणत्या सुताराकडून तुळयांची टोकं ठोकून तपासल्यावरच.