जुनं नाणं म्हणजे लाखमोलाचं?

"किलोवर मिळणाऱ्या परदेशी नाण्यांत शंभर वर्षांपूर्वीचं नाणं सापडलं की लाखभर रुपये नक्की," असा मेसेज बरीच वर्षं फिरतो आहे. तो खरा वाटणं स्वाभाविकच, जुन्या वस्तूला मोल असतं हे आपण घरातही ऐकत आलो आहोत. पण नाण्याची किंमत नुसत्या वयावर ठरत नाही. चौथ्या शतकातली रोमन तांब्याची नाणी इतकी सापडली आहेत की त्यांतली झिजलेली आजही स्वस्तात मिळतात.

खरा फरक पडतो तो धातू, दुर्मीळपणा आणि अवस्थेने. ब्रिटिश शिलिंग पाहा: १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी, १९२० ते १९४६ निम्मी, १९४७ पासून शून्य. स्विस एक फ्रँक १९६७ चा चांदीचा, १९६८ चा तांबं-निकेलचा. चित्र तेच, पण वजन ५ ग्रॅमवरून ४.४ वर आलेलं. म्हणजे आधी साल बघा, मग छोट्या काट्यावर तोला. चुंबकावर भिस्त नको, तांबं-निकेलही त्याला चिकटत नाही.

किंमत बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा सोडा, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचे भाव तपासा. मागायला काय, कोणीही काहीही मागतं! नाणं घासून चकचकीत करू नका, भाव उतरतो. "आधी नोंदणी फी भरा" म्हणणारा गिऱ्हाईक तर गिऱ्हाईकच नव्हे. आणि भारतातून शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आडकाठी आहे.