दहा अंशांनी हरलेली शर्यत

गुरुवारी सकाळी सातच्या सुमारास मी गच्चीत चहा घेत बसलेला असतो, तेव्हा भाच्याचा फोन येतो. त्याच्याकडे बुधवारच्या संध्याकाळचे साडेआठ वाजलेले असतात. पोरगा वाढला सोलापुरात आणि नोकरीला गेला अमेरिकेच्या पार मधल्या भागात, समुद्रापासून लांब, एका तळ्याकाठच्या गावी. उन्हाळ्यात दर बुधवारी ऑफिस सुटलं की तो कुणाच्या तरी शिडाच्या बोटीवर दोर ओढायला जातो. शर्यत असते, पण हौशी. तिकडे तिला ‘बिअर कॅन रेस’ म्हणतात, म्हणजे किती मनावर घ्यायची ते समजा. बोटी लहानमोठ्या असल्यामुळे प्रत्येकीच्या वेळेत हिशेबाने वजावट होते आणि पहिली पोचलेली बोट निकालात तिसरीही लागते.

मागच्या महिन्यात आवाज पडलेला होता. “हरलो की ओ मामा! पुढं होतो, वारा फिरला न् मागचा गेला निघून.”

वारा तर दोघांसाठीही तेवढाच फिरला. मग एकच कसा हरला?

शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन धरून मात्र जाते. शीड विमानाच्या पंखासारखं फुगलेलं असतं आणि त्यावरून वाहणारा वारा बोटीला बराचसा आडवा आणि थोडासा पुढे खेचतो. आडवं सरकणं बुडाखालचं उभं पातं अडवतं, उरतं ते पुढे जाणं. म्हणून वारा जिकडून येतो तिकडचा बोया, म्हणजे शर्यतीची तरंगती खूण, गाठायचा तर नागमोडी जावं लागतं. तुळजापूरचा घाट चढताना एसटी जशी डावीउजवीकडे वळणं घेते, तसंच. वाऱ्याकडची बाजू म्हणजे चढ. जी बोट वाऱ्याकडे जास्त सरकली, ती जास्त उंचीवर.

आता समजा, गाड्या घाटात असतानाच डोंगर किंचित फिरला. दोन गाड्या एकाच उंचीवर होत्या, पण एकमेकींपासून 100 मीटर लांब. चढाची दिशा 10 अंशांनी उजवीकडे वळली, तर उजवीकडची गाडी काही न करता 17 मीटर ‘वर’ जाते. बोटीला हे अंतर तिरकं कापावं लागतं, म्हणजे प्रत्यक्षात 25 मीटर. आठ मीटरच्या बोटीला ही तीन बोटींची आघाडी झाली, तीही फुकटात. भाचा दोन बोटींनी पुढे होता आणि डावीकडे गेला होता. मागचा उजवीकडे होता आणि वाराही उजवीकडेच फिरला. विषय संपला.

खरा प्रश्न पुढचा. वारा फिरतोच कशाला?

त्यासाठी मी गच्चीवरच्या तारेला सुताचा दोरा बांधला. टॉवेलच्या मागाचं सूत आमच्याकडे मागायला लाजावं लागत नाही. (शर्यतवालेही शिडावर लोकरीचे असेच तुकडे चिकटवतात, म्हणजे हवा शिडाला धरून वाहतेय की सुटलीय ते कळतं.) एप्रिलच्या दुपारी खाली होकायंत्र ठेवून बसलो. दोरा एका दिशेला कधीच टिकला नाही. काही मिनिटं पश्चिमेकडचा वारा दाखवायचा, मग वायव्येकडचा, परत पश्चिमेचा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे बुडबुडे वर सुटतात आणि त्यांची जागा घ्यायला वरची हवा खाली येते. ही वरची हवा वेगळ्या वळणाची असते. जमिनीलगतचा वारा घरं, झाडं, ढेकळं यांना घासून मंदावतो. मंदावला की पृथ्वीच्या फिरण्याचा त्याच्यावरचा परिणामही कमी होतो आणि तो कमी दाबाच्या बाजूला झुकतो. वरचा वारा मोकळा, त्यामुळे वेगाने जास्त आणि दिशेने थोडा निराळा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं, तर वरून उतरणारा झोत बहुधा उजवीकडून येतो. हे ज्याला माहीत, तो झोत येताना वारा उजव्या अंगावर घेऊन बोट हाकतो आणि थोडी उंची पदरात पाडून घेतो.

झोत येताना दिसतोही. सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर संध्याकाळी उभे राहा. सपाट पाण्यावर काळसर, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकत येतो, तोच झोत. मंदिराच्या आडोशाला पाणी तुपासारखं गुळगुळीत राहतं. वाऱ्याची अशी सावली अडथळ्याच्या उंचीच्या दहापट किंवा त्याहूनही लांब पडते, म्हणून काठाच्या झाडांजवळ गेलेली बोट जागच्या जागी डुलत बसते.

आणि या मंडळींनी वेळ निवडली ती संध्याकाळची, म्हणजे दिवसातली सगळ्यात बेभरवशाची! ऊन उतरलं की जमीन झपाट्याने गार होते. तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते, बुडबुडे थांबतात आणि वरच्या वाऱ्याशी खालचा संबंध तुटतो. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या प्रत्येक पोराने हे अनुभवलंय. सूर्य मावळताना खाली पान हलत नाही आणि वर गेलेला पतंग मात्र मांजा ताणून उभा असतो. खालचं घर्षण सुटल्यामुळे वरचा वारा रात्री उलट वाढतो. तळ्याचं पाणी जमिनीइतक्या लवकर गार होत नाही, म्हणून मधोमध थोडी हालचाल उरते. ती शोधत फिरणं हीच शेवटची अर्धी शर्यत.

वळवाचं मात्र वेगळं. ढगातून पावसासोबत कोसळलेली गार हवा जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. मे महिन्यात धुळीचा लोट येतो, दारं आपटतात आणि मगाशी पश्चिमेचा असलेला वारा एकदम पूर्वेचा होतो, तो हाच. अशा वेळी दहा अंशांची गणितं कोण करतो? उंच डोलकाठी आणि वीज यांचं जमत नाही. बोटी सरळ किनारा गाठतात.

परवाच्या गुरुवारी फोन आला तो बोटीतूनच. शर्यत रद्द झाली होती, शीड लोंबकळत होतं आणि काठ तासाभराच्या वल्ह्यांवर होता. तिकडे सूर्य नुकताच बुडत होता. इकडे ऊन गच्चीच्या कठड्यावर चढलं होतं. मी बोलता बोलता तारेकडे पाहिलं. रात्रभर सरळ लटकलेला दोरा एकदा हलला, थांबला, मग परत हलला.