रस रसच राहावा म्हणून: घरच्या द्राक्षरसामागचा इतिहास

द्राक्षाचा रस काढणं कधीच अवघड नव्हतं. पिकलेला मणी दोन बोटांत दाबला की रस निघतो. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात फारोचा प्यालेबरदार स्वप्नात घड थेट प्याल्यात पिळतो आणि प्याला लगेच राजाच्या हातात देतो. 'लगेच' महत्त्वाचं, कारण साल फुटून साखर बाहेर आली की मण्यांवरचं आणि भांड्यांवरचं यीस्ट कामाला लागतं. उबदार जागी एक-दोन दिवसांत रसावर फेस दिसतो, म्हणजे रस आंबून त्याचं मद्य होऊ लागतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'मृद्वीकारसो मधु' अशी व्याख्या आहे. मृद्वीका म्हणजे द्राक्ष आणि मधु म्हणजे त्याचं मद्य. रस आणि मद्य यांच्यात तिथे अंतरच ठेवलेलं नाही, आणि व्यवहारात ते फारसं नव्हतंही.

टिकवायचाच असेल तर रस आटवत. रोमन लोक त्याचा काकवीसारखा दाट पाक करत. त्याला सापा किंवा डेफ्रुटम म्हणत. भांडी बरेचदा शिशाची असत आणि आंबट रसात शिसं उतरे. पाक टिकायचा, पण ताज्या द्राक्षाची चव त्यात उरत नसे.

ही अडचण सुटली ती १८६० च्या दशकात. किण्वन, म्हणजे आंबणं, हे सजीव सूक्ष्मजीवांचं काम आहे, हे लुई पाश्चरने दाखवलं होतंच. वाइन उकळी येऊ न देता नुसती तापवली तरी ती बिघडत नाही, हेही त्याने सिद्ध केलं. त्याचा हेतू वाइन वाचवण्याचा होता. ती युक्ती रसाला लावली थॉमस वेल्च या दंतवैद्याने, १८६९ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड गावी. तो मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा कट्टर अनुयायी होता आणि चर्चच्या विधीसाठी त्याला मद्य नसलेला द्राक्षरस हवा होता. घरच्या स्वयंपाकघरात त्याने द्राक्षं शिजवली, कापडातून पिळली, रस बाटल्यांत भरून बूच आणि मेणाने बंद केला आणि बाटल्या गरम पाण्यात ठेवल्या. घरी रस करणारे आजही जवळपास हेच करतात. या पेयाची सुरुवात कारखान्यात न होता चुलीजवळ झाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वेल्चची द्राक्षं होती काँकर्ड जातीची. ती एफ्रेम बुल याने मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी हजारो रोपं वाढवून, चाखून, टाकून देत १८४९ मध्ये निवडली. थंडी सोसणारा, परसात सहज वाढणारा हा वेल घरोघर गेला. बुलच्या हाती मात्र फारसं काही लागलं नाही. त्याच्या थडग्यावरच्या ओळीचा अर्थच असा: त्याने पेरलं, कापणी इतरांनी केली.

मणी आधी शिजवण्याला आणखी एक कारण आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिकट असतो, रंग असतो सालीत. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला साल मऊ पडते आणि रंग रसात उतरतो. बिया मात्र चिरडू द्यायच्या नाहीत, नाहीतर रस तुरट होतो. पायांनी तुडवण्याची जुनी रीत त्यामुळेच शहाणपणाची होती. आजच्या मिक्सरला ते जमत नाही.

गाळलेला रस रात्रभर थंड जागी ठेवला की तळाशी खड्यांसारखे कण जमतात. अनेकांना ती साखर किंवा काच वाटते. ते असतं टार्टारिक आम्लाचं क्षार. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा. जॉर्जिया या देशात (अमेरिकेतल्या राज्यात नव्हे) सापडलेल्या सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षरस होता हे ओळखता आलं, ते खापरांत मुरलेल्या याच आम्लामुळे.