दिवाळं निघालेला रस्ता आणि शिकाऊ गाड्या

रस्त्याचंही दिवाळं निघतं. कॅलिफोर्नियात सॅन डिएगो शहराच्या दक्षिणेला ‘साउथ बे एक्सप्रेसवे’ नावाचा टोलरस्ता आहे. लांबी साधारण १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर. सरकारी नकाशावर तो राज्यमार्ग १२५. खासगी कंपनीने कर्ज काढून तो बांधला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये खुला केला. चुला व्हिस्टा गावाच्या पूर्वेला नव्या वसाहती उभ्या राहतील आणि तिथले लोक वेळ वाचवण्यासाठी खुशाल टोल भरतील, असा हिशोब होता. पण लगेचच अमेरिकेतला घरांचा बाजार कोसळला आणि अपेक्षेएवढ्या गाड्या आल्याच नाहीत. त्यात बांधकाम ठेकेदाराशी कोर्टकज्जा. मार्च २०१० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०११ च्या अखेरीस ‘सॅनडॅग’ या प्रादेशिक नियोजन संस्थेने रस्ता चालवण्याचा हक्कच विकत घेतला आणि पुढच्या वर्षी टोलचे दर कमी केले.

हाच रस्ता १९ जानेवारी २०१७ रोजी एका वेगळ्याच यादीत झळकला. अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक खात्याने साठाहून अधिक अर्जांमधून दहा ठिकाणं स्वयंचलित गाड्यांची चाचणीस्थळं म्हणून निवडली, आणि त्यांत सॅन डिएगो होतं. सॅनडॅग, राज्याचं वाहतूक खातं ‘कॅलट्रान्स’ आणि चुला व्हिस्टा नगरपालिका यांनी मिळून अर्ज केला होता. त्यांनी देऊ केलं ते असं: आंतरराज्य महामार्ग १५ वरच्या एक्सप्रेस लेन, चुला व्हिस्टाचे गल्लीरस्ते आणि हा टोलरस्ता. त्याच यादीत नॉर्थ कॅरोलायनाचं टोलरस्ते चालवणारं प्राधिकरणही होतं. टोलरस्त्यांकडे असं काय असतं की शिकाऊ गाड्यांसाठी ते पुढे केले जावेत?

माणसं मध्ये येत नाहीत, सिग्नल नाहीत, समोरून येणारी गाडी दुभाजकापलीकडे राहते, हे झालं नेहमीचं उत्तर. पण हे सगळं बिनटोलाच्या महामार्गावरही असतं. टोलरस्त्याचं वेगळेपण पैशात आहे. पैसे घ्यायचे तर मोजावं लागतं. कोणती गाडी कुठून चढली, कुठे उतरली, किती वाजता, हे सेकंदासकट नोंदवावं लागतं आणि ग्राहकाने बिलावर भांडण काढलं तर सिद्धही करावं लागतं. रस्त्यावर आडवी गेलेली लोखंडी कमान, म्हणजे गॅन्ट्री, तिच्यावरचे अँटेना आणि कॅमेरे हे करत असतात. काचेला चिकटवलेल्या टॅगला कमानीवरून रेडिओ लहर जाते, टॅग त्यातच आपला क्रमांक मिसळून ती परत पाठवतो. ताशी ६५ मैल वेगाने, म्हणजे सेकंदाला २९ मीटर धावणाऱ्या गाडीशी हा संवाद डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतो.

ही वसुलीची यंत्रणा शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिली तर मोजमापाचं आयतं साधन आहे. स्वयंचलित गाडी उपग्रहाचे संदेश, नकाशा आणि कॅमेरा जुळवून म्हणते, ‘मी आत्ता या लेनमध्ये, अमुक ठिकाणी आहे.’ कमान कुठे उभी आहे हे सेंटिमीटरपर्यंत मोजता येतं. गाडी खरं बोलते की थाप मारते, हे कमानीखालून जाताना पडताळता येतं. रस्त्याचा मालक एकच असतो, ही सोय वेगळी. रात्री दोन वाजता एक लेन बंद करून पट्टे नव्याने मारायचे तर चार खात्यांच्या सह्या गोळा कराव्या लागत नाहीत.

गंमत म्हणजे टोलरस्त्यावरची सर्वांत अवघड जागा म्हणजे रोकड घेणारा टोलनाका. दोन लेनच्या पाच होतात, मधले पट्टे गायब होतात, पंख्यासारख्या पसरलेल्या डांबरावर जो तो आपली वाट काढतो. टॅगवाला सरळ निघून जातो, रोकडवाला ब्रेक मारतो. माणसाला यात काही वाटत नाही, कारण पुढच्याचा हेतू तो त्याच्या चालीवरून ओळखतो. पट्टे धरून चालणाऱ्या यंत्राची मात्र इथे पाटी कोरी होते. वर लोखंडी कमान असते ती निराळीच. गाड्यांमधल्या जुन्या धाटणीच्या रडारला अंतर आणि वेग उत्तम कळतो, उंची फारशी कळत नाही. डोक्यावरची कमान आणि लेनमध्ये बंद पडलेला ट्रक, दोघांचा प्रतिध्वनी सारखाच: समोर, लोखंडी, स्थिर. प्रत्येक कमानीला घाबरून ब्रेक लागू नये म्हणून अभियंत्यांनी स्थिर प्रतिध्वनींकडे काणाडोळा करायला शिकवलं. मग खरोखर उभ्या असलेल्या ट्रककडेही काणाडोळा होऊ शकतो. कॅमेरा, लेझरवर चालणारा लायडार आणि उंची मोजणारं नवं रडार एकत्र वापरण्यामागचं हे एक मोठं कारण.

शहाणपण कुणात भरायचं, गाडीत की रस्त्यात? सॅन डिएगोने हा प्रश्न त्या यादीच्या वीस वर्षं आधीच अनुभवला होता. १९९१ च्या वाहतूक कायद्यात अमेरिकी संसदेने सरळ मुदतच घातली होती: १९९७ पर्यंत पूर्ण स्वयंचलित रस्ता किंवा चाचणीमार्ग चालू झाला पाहिजे. त्यानुसार ऑगस्ट १९९७ मध्ये महामार्ग १५ वरच्या ७.६ मैलांच्या लेनवर प्रात्यक्षिक झालं. या लेनची दिशा सकाळ-संध्याकाळ बदलायची, दुपारी त्या बंद असायच्या, म्हणून प्रयोगाला मोकळ्या मिळाल्या.

तिथे आठ ब्यूक लेसाबर गाड्या ओळीने धावल्या. दोन गाड्यांमध्ये अंतर साडेसहा मीटर, वेग ताशी ६० मैलांच्या पुढे. या वेगाला साडेसहा मीटर म्हणजे पाव सेकंदाहून कमी वेळ. पुढच्याचे ब्रेकदिवे दिसून पाय हलायलाच माणसाला एक-दीड सेकंद लागतो, तेव्हा माणूस चालवत असता तर हे अंतर आत्महत्येचं होतं. इथे पुढची गाडी आपला वेग आणि ब्रेक रेडिओवरून मागच्यांना कळवत होती.

आणि गाडीला लेन कशी कळत होती? लेनच्या मधोमध दर १.२ मीटरला भोक पाडून चुंबकं पुरली होती. बंपरखालचा संवेदक त्यांचं क्षेत्र मोजायचा आणि गाडी मध्यापासून किती सरकली ते सांगायचा. पाऊस, धुकं, अंधार, कशाचाच फरक नाही. मला यातली सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट पुढे आहे. चुंबकाचा उत्तर ध्रुव वर ठेवायचा की दक्षिण, हे रचणाऱ्याच्या हातात असतं. उत्तर म्हणजे एक, दक्षिण म्हणजे शून्य. अशी ओळ रचली की रस्ता गाडीला आगाऊ सांगतो, पुढे डावीकडे वळण आहे, इतकं तीव्र आहे. रस्त्यात लिहिलेली ही अक्षरं बंपरखालून वाचत जायचं!

त्याच प्रात्यक्षिकात कार्नेगी मेलन विद्यापीठाचा चमू कॅमेऱ्याने पट्टे पाहून गाड्या चालवत होता, रस्त्याला हातही न लावता. पुढे काय टिकलं ते आपण जाणतोच. देशभरच्या रस्त्यांना भोकं पाडायचा खर्च कोण करणार? चुंबकं पुरली तरी ती वाचणाऱ्या गाड्या नाहीत, आणि चुंबकं नाहीत म्हणून तशा गाड्या कुणी बनवत नाही. १९९८ मध्ये केंद्राने पैसे थांबवले आणि तो कार्यक्रम आटोपला. गाडीत शहाणपण भरणाऱ्यांची सरशी झाली, असं त्यानंतर सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच पटतं.

त्याला कारण आहे एक पांढरं चिनीमातीचं बटण. कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवर लेन दाखवायला रंगीत पट्ट्यांच्या जोडीला चार इंच व्यासाची फुगीर बटणं असायची. एल्बर्ट बॉट्स या कॅलट्रान्सच्या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनातून १९५० च्या दशकात ती आली, म्हणून ती ‘बॉट्स डॉट्स’. पावसाळी रात्री रंगाच्या पट्ट्यावर पाण्याचा थर चढला की पट्टा दिसेनासा होतो. पाण्याच्या वर डोकं काढणारं काहीतरी हवं होतं. आधी ती खिळ्यांनी ठोकून पाहिली. बटण निसटलं की खिळा टायरात! मग इपॉक्सी गोंद आला. चाक बटणांवरून गेलं की खडखड होऊन पेंगुळलेला चालक जागा होतो, हा फायदा वरकड. १९६६ मध्ये बर्फ न पडणाऱ्या भागातल्या महामार्गांवर ती सक्तीची झाली. स्वतः बॉट्स त्याआधीच, १९६२ मध्ये वारले होते.

२०१७ मध्ये कॅलट्रान्सने ही बटणं बसवणं थांबवायचं ठरवलं. ती फार टिकत नाहीत आणि बदलताना कामगारांना धावत्या रहदारीत उभं राहावं लागतं, ही कारणं होतीच. जोडीला नवं कारण आलं: कॅमेऱ्याला ठिपक्यांपेक्षा सलग पट्टा नीट वाचता येतो. पट्ट्याची रुंदीही चार इंचांवरून सहा इंच झाली. अमेरिकेच्या रस्तेचिन्हांच्या राष्ट्रीय नियमावलीच्या डिसेंबर २०२३ च्या अकराव्या आवृत्तीत तर स्वयंचलित गाड्यांसाठी वेगळा विभागच आहे. म्हणजे चुंबकं गेली तरी रस्त्याला यंत्रासाठी बदलावं लागलंच. माणसाच्या कानासाठी असलेली खडखड गेली आणि यंत्राच्या डोळ्यासाठी दोन इंच पांढरा रंग वाढला.

हे दोन इंच किरकोळ वाटत असतील तर मार्च २०१८ मधला कॅलिफोर्नियातल्याच माउंटन व्ह्यू शहरातला अपघात पाहावा. महामार्ग १०१ वरून ८५ कडे जाणारी लेन डावीकडे फुटते, तिथे दोन रस्त्यांमध्ये एक तिकोनी मोकळी जागा आहे. टेस्लाची मॉडेल एक्स ऑटोपायलटवर होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार लेन ओळखण्याच्या मर्यादेमुळे प्रणालीने गाडी त्या तिकोनात वळवली. तिथे समोर गाडी उरली नाही, तेव्हा ठरवलेला वेग गाठण्यासाठी वेग वाढला तो ताशी सुमारे ७१ मैलांपर्यंत. चालकाचं लक्ष बहुधा मोबाइलवरच्या खेळात होतं आणि त्याचा जीव गेला. ही चालकाने डोळे उघडे ठेवावेत अशी साहाय्यक प्रणाली होती, पूर्ण स्वयंचलित गाडी नव्हे. पण तपासात दोष रस्त्याचाही निघाला. तिकोनाच्या टोकाला धक्का शोषणारा चुरगळता अडथळा असतो. तो आधीच्या एका अपघातात, ११ दिवसांपूर्वी चेपला गेला होता आणि बदललेला नव्हता. पट्टे झिजलेले होतेच. एकाच मालकाचा, पैसे घेऊन निगा राखणारा रस्ता चाचणीला का बरा, याचं इतकं ठसठशीत उत्तर मला दुसरं सापडलं नाही.

पण बऱ्या रस्त्यावर पास होण्याला किंमत किती? रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६ मध्ये याचं गणित मांडलं. अमेरिकेत तेव्हा १० कोटी मैलांमागे १.०९ मृत्यू होत होते. स्वयंचलित गाड्या निदान तेवढ्या तरी सुरक्षित आहेत हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर एकही मृत्यू न होता किती मैल चालवावं लागेल? संख्याशास्त्रात एक सोपा आडाखा आहे: एखादी घटना ‘क्ष’ प्रयत्नांत एकदाही घडली नाही, तर तिचा खरा दर ९५ टक्के खात्रीने ३ भागिले क्ष याच्या खाली असतो. त्यावरून आकडा येतो २७.५ कोटी मैल. शंभर गाड्या अहोरात्र, ताशी २५ मैलांनी फिरवल्या तर साडेबारा वर्षं. आमच्या दहा मैलांच्या टोलरस्त्यावर म्हणजे पावणेतीन कोटी फेऱ्या! ताशी ६५ मैल धरले तरी शंभर गाड्यांना पाच वर्षांच्या आसपास लागतात. आणि एवढं करून सिद्ध काय होईल? या दहा मैलांवर, या हवेत, ही गाडी बरी चालते.

कॅलिफोर्नियात चाचणी करणाऱ्या कंपन्यांना दरवर्षी मोटार वाहन विभागाकडे अहवाल द्यावा लागत आला आहे: किती मैल चाललो आणि किती वेळा यंत्राकडून ताबा काढून घ्यावा लागला. बातम्यांत या आकड्यांची शर्यत लागते. सोप्या रस्त्यावर मैल वाढवले की आकडा आपोआप देखणा होतो, तेव्हा रस्ता कोणता होता हे विचारल्याशिवाय त्या शर्यतीला अर्थ नाही. सॅन डिएगोच्या अर्जात टोलरस्त्याच्या जोडीला गल्लीरस्ते होते, ही मला त्यातली शहाणपणाची गोष्ट वाटते. टोलरस्त्यावर यंत्राचे संवेदक तपासावेत, त्याची अक्कल गल्लीत.

चाचणीस्थळाच्या त्या मानाबरोबर केंद्राचा पैसा आलाच नव्हता. एटी अँड टी, फोर्ड, नोकिया आणि क्वालकॉम यांनी २०१७ च्या अखेरीस गाड्यांना मोबाइलच्या धर्तीच्या रेडिओवरून एकमेकींशी आणि सिग्नलशी बोलायला लावण्याच्या चाचण्या सॅन डिएगोत जाहीर केल्या, इतपत हालचाल झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये वाहतूक खात्याने दहाही स्थळांची मान्यता काढून घेतली. चाचण्या आता जागोजागी होत आहेत, सरकारने अमुक जागा लाडकी ठरवण्याचं कारण नाही, असा खुलासा होता. रस्ता होता तिथेच राहिला.

त्याचं दक्षिण टोक ओटाय मेसाजवळ आहे, मेक्सिकोच्या सीमेला लागून. कॅलिफोर्नियातली मालट्रकांची सर्वांत मोठी सीमाचौकी तिथेच. महामार्गावरची स्वयंचलित गाडी खरी उपयोगाची आहे ती ट्रकसाठी: लांब, कंटाळवाणे, एकसुरी मैल. आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने चालकाविना चाचण्यांना परवानगी दिली तेव्हा त्या नियमांत १०,००१ पौंड, म्हणजे साडेचार टन आणि त्यापुढच्या वजनाच्या गाड्यांना जागाच नव्हती. चालक नसलेले मालट्रक मे २०२५ मध्ये नियमित धावू लागले ते टेक्सासात, डॅलस ते ह्यूस्टन, टोल नसलेल्या महामार्ग ४५ वर.