डिकॅलवरून ओळखली जाणारी गाडी

१:४३ प्रमाणाच्या छोट्या मॉडेलमध्ये साडेचार मीटरची गाडी साधारण साडेदहा सेंटीमीटरची होते. तिच्या दारावरचा शर्यतीचा क्रमांक नखाएवढा. गाडीचा धातू आणि रंग पन्नास वर्षे शाबूत राहतात, पण तो नखाएवढा क्रमांक आधी पिवळा पडतो, मग तडकतो.

हा क्रमांक म्हणजे डिकॅल, कागदावरून गाडीवर उतरवलेले छापील चित्र. ‘डिकॅल’ हा शब्द फ्रेंच ‘देकाल्कोमानी’चा तुकडा. त्यातल्या ‘मानी’चा अर्थ वेड. छापलेले चित्र कागदावरून दुसऱ्या वस्तूवर उतरवायची युक्ती अठराव्या शतकात चिनी मातीच्या भांड्यांसाठी वापरात आली आणि पुढच्या शतकात घरोघरी लोक काचा, डबे, फर्निचर असे जे दिसेल ते सजवू लागले. नाव सार्थच म्हणायचे.

छोट्या गाड्यांच्या बाबतीत लक्षात ठेवावी अशी गोष्ट १९३४ची. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने डिंकी या खेळण्यातल्या गाड्यांच्या मालिकेत डिलिव्हरी व्हॅन काढल्या. साचा एकच. रंग आणि बाजूची जाहिरात बदलली की नवी व्हॅन तयार. म्हणजे ही गाडी नेमकी कोणती, हे डिकॅलच ठरवत होते. आजही लिलावात अशा व्हॅनची किंमत मुख्यतः त्या जाहिरातीवर ठरते, आणि नवे डिकॅल लावलेली व्हॅन दिसायला कितीही देखणी असली तरी जाणकार तिच्याकडे संशयानेच पाहतात. संग्राहकांच्या भाषेत कारखान्यातून निघाली तशीच असेल ती कोड १, निर्मात्याच्या संमतीने बदललेली कोड २ आणि परस्पर बदललेली कोड ३.

पाण्याच्या डिकॅलची रचना साधी आहे. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा गोंद, त्यावर पारदर्शक थर आणि शाई. कोमट पाण्यात बुडवले की गोंद सुटतो आणि चित्र बोटाच्या हलक्या दाबाने सरकते. पिवळा पडतो तो बहुधा हा पारदर्शक थर. न वापरलेला जुना कागद खिडकीच्या काचेला चिकटवून काही दिवस उन्हात ठेवला की पिवळेपणा बराच उतरतो, ही हौशी मंडळींची जुनी युक्ती. गाडीवर लागलेल्या डिकॅलला मात्र हा उपाय चालत नाही, कारण उन्हात रंगही उडतो. रंग खडबडीत असेल तर नव्या डिकॅलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक येते. म्हणून आधी चकचकीत वार्निशचा हात मारतात.

स्वस्त गाड्यांवरून डिकॅल १९७०च्या दशकात मागे पडले. मऊ सिलिकॉनच्या गादीने थेट गाडीवर छापायची टॅम्पो पद्धत आली. हॉट व्हील्सने ती १९७४मध्ये घेतली आणि हाताने चिकटवण्याचे काम वाचले. ती छपाई घासून उडाली की दुरुस्तीला पुन्हा पाण्याचे डिकॅलच लागते, हा गमतीचा भाग. घरच्या इंकजेट प्रिंटरवर ते छापता येते, पण त्यात पांढरी शाई नसते, त्यामुळे गडद रंगावर पिवळा आकडा लावला तर तो दिसतही नाही.

शर्यतीच्या गाड्यांची कथा निराळी आहे. १९६८मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींतल्या लोटस संघाच्या गाड्या गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल, पांढऱ्या, सोनेरी रंगांत उतरल्या. १९७२मध्ये त्यांच्यावर जॉन प्लेयर स्पेशलचा काळा-सोनेरी रंग चढला. त्यानंतर कित्येक संघांची ओळखच सिगारेटच्या पाकिटाशी जोडली गेली. पुढे तंबाखूच्या जाहिरातींवर निर्बंध आले, युरोपीय संघात २००५च्या जुलैअखेर शर्यतींच्या प्रायोजकत्वावरही बंदी लागू झाली, आणि मॉडेल कंपन्या सिगारेटचे नाव गाळून नुसते रंगपट्टे छापू लागल्या. मग नाव असलेले डिकॅल वेगळे विकत घेऊन घरी चिकटवायची रीत पडली. हे करण्याआधी शर्यत मात्र पाहून घ्यावी. ब्रिटनसारख्या देशांत मॅक्लारेन या दुसऱ्या संघाच्या खऱ्या गाड्याही अनेकदा सिगारेटचे नाव न लावताच धावल्या, आणि नावाविना उघडी वाटणारी ती छोटी गाडी त्याच शर्यतीची असू शकते.