धोंडू आणि नकुसा: वंशावळीतली दोन नावं, दोन कारणं

जुनी वंशावळ उघडली की दगडू, धोंडू, केरू, भिकाजी अशी नावं हमखास भेटतात. पोटच्या पोराला कुणी दगड म्हणतं का, असं वाटून आपण थबकतो. मग त्याच घराण्यात कुठे नकुसा किंवा नकोशी सापडते आणि आपण ही सगळी नावं ‘अडाणी काळातली’ म्हणून एकाच माळेत ओवून टाकतो. हा त्या माणसांवर अन्याय आहे. दगडू हे नाव मूल जगावं म्हणून ठेवत. नकुसा हे नाव पुढची मुलगी होऊ नये म्हणून.

देवी, पटकी, प्लेग यांनी पाळणे रिकामे होत होते तेव्हाची ही गोष्ट. दोन-तीन मुलं हाताला लागली नाहीत की पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम ओबडधोबड ठेवायचे. त्याला कुणाची नजर लागू नये, काळालाही त्यात नेण्यासारखं काही दिसू नये, हा हेतू. दगड टिकतो, केराकडे कुणी ढुंकून बघत नाही, भिकू तर मागून आणलेला. काही घरांत नुसत्या नावावर भागत नसे. तान्हं मूल क्षणभर केरावर ठेवायचं, दुसऱ्या बाईनं ते उचलायचं आणि आईच्या ओटीत घालायचं. आता ते ‘त्या’ घरचं राहिलं नाही, म्हणून वाचेल, ही आशा. मुलींनाही अशी नावं मिळत. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेल्या दगडाबाई शेळके यांचं नाव मराठवाड्यात आजही आदरानं घेतात. पुण्यात तर दगडूशेठ हलवाई हे नाव गणपतीलाच जोडलं गेलं. या नावांची लाज वाटण्याचं काहीच कारण नाही.

नथूची गोष्ट मात्र जरा अस्वस्थ करते. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणजे काळ त्याला मुलगी समजून सोडून देईल. मुलाला वाचवण्याच्या या धडपडीतच मुलीची किंमत काय धरली होती ते उघडं पडतं. नकुसा याच समजुतीतून आली.

तिथे कुणी दगावलेलं नसतं. आधीच्या बहिणी जिवंत असतात, तिसरी किंवा चौथीही मुलगीच झालेली असते, आणि हिला नकोशी म्हटलं की पुढचा मुलगाच होईल अशी समजूत असते. हे पणजीच्या काळापुरतं नव्हतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज ‘नकुसा’ पुकारलं गेल्यावर ‘हजर’ म्हणणं काय असेल, याचा विचार केला तरी जीव तुटतो.

मग कागदावरून फरक कसा ओळखायचा? नाव एकटं वाचू नका, भावंडांसकट वाचा. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, मिळालं तर त्यात जन्म आणि मृत्यू दोन्ही सापडतात. समजा, धोंडूच्या आधी त्याच बापाच्या नावावर दोन मुलांचे मृत्यू नोंदले आहेत. तर बहुधा ते जपणुकीचं नाव. फक्त एक सावधगिरी हवी. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे दोन पिढ्यांनंतरच्या धोंडूमागे कुठलाच मृत्यू नसू शकतो. तेव्हा वर चढून त्या नावाचा पहिला माणूस गाठावा लागतो.

नकुसाचा माग काढणं अवघड. कितीतरी वंशावळींत मुलींची नावं घातलेलीच नसतात, आणि लग्नात नाव बदललं की सासरच्या कागदांत ती लक्ष्मी नाहीतर पार्वती होऊन जाते. माहेरचं नाव ठाऊक असलेली म्हातारी माणसं घरात असतील तर आधी त्यांना विचारावं, कागद नंतर. मिळाली तर दोन्ही नावं लिहावीत, आधी तिनं आयुष्यभर वापरलेलं, मग माहेरचं. ती बाई हयात असेल तर जुनं नाव लिहायचं की नाही, हे तिनंच ठरवायचं.